लव घराकडे

टूसॉनमध्ये सकाळी सहालाच फावडं हाती घ्यायचं,
दहानंतर लोखंड धरवत नाही.
व्हर्नाबाईंच्या मागच्या अंगणातली चार बोटं माती काढली,
खडी पसरली, वर दगडाची भुकटी.
एउसेबिओने यंत्र फिरवून ती अशी दाबली
की आत फडताळातल्या बश्या किणकिणल्या.

मग गवताचं भेंडोळं उलगडलं.
त्यालाही लव असते, मखमलीसारखी.
ती घराकडे झुकलेली हवी,
म्हणजे स्वयंपाकघरातून हिरवं दिसतं.
उलटं अंथरलं तर नुसतं प्लास्टिक.

सांध्याला गोंदपट्टी, कडेला वीतवीतभरावर खिळे,
मुताचा वास धरणारी वाळू
ब्रशने पात्यांच्या बुडाशी.

"आणि कुत्री?" मी विचारलं.
दारातच होती. ग्रेहाउंड,
कानात हिरव्या शाईने गोंदलेला नंबर.
चार वर्षं धावली म्हणे
कापडी सशामागे,
जो कुणालाच कधी सापडत नाही.
तिने एक पाऊल टाकलं. हुंगलं.
मग माझ्याकडे पाहिलं,
आणि मी उगाच टोपी काढली.

बाईंनी पाइपने पाणी मारलं, गवत निवलं.
कुत्री कडेकडेने गेली,
कोपऱ्यात गाडीत भरायच्या राहिलेल्या
मातीच्या ढिगावर
तीनदा गोल फिरली
आणि अंग टाकून दिलं.

एउसेबिओ फावडं घेऊन निघाला.
"राहू दे तेवढी," व्हर्नाबाई म्हणाल्या.

बिलात 'माती उचलणे' अशी एक ओळ होती.
मी ती खोडली,
वीस डॉलर कमी केले.