मधी हिरो आला

गेल्या महिन्यात चार पिक्चर झाले.
दोन थेटरात, एक मोबाइलवर,
आणि एक गंगावेशीत दाढी करून घेताना,
समोरच्या टीव्हीवर, आवाज बंद.
त्यातला आवाज बंद असलेला सगळ्यात बरा.

त्यात एक पोलीस होता.
कुठल्याही घरात शिरायचं तर लाथेनंच.
कडी वाजवतात हे त्याला घरी कुणी शिकवलं नसावं.
शेजारच्या खुर्चीत मंग्या खराडे, उद्यमनगरात लेथवर असतो,
गालाला फेस, तरी बोललाच :
'भावा, बिजागरी बघ. दार भाईर उघडणारं हाय.
लाथेनं मोडंल, उघडणार न्हाई.'
त्यानंतर आम्ही दोघं
नुसती दारं बघत बसलो.

दुसरा प्रेमाचा. थेटरात.
रडलो, खोटं कशाला बोलू.
पण गाव आमच्या जिल्ह्यातलं म्हणून दाखवलेलं
आणि नायिका तांबडा रस्सा चमच्यानं पिते,
फुंकर मारून मारून, औषध प्यावं तसं.
मागनं कुणीतरी ओरडलं, 'अगं, वाटी लाव की तोंडाला!'
पिक्चरभर तेवढंच एक वाक्य
आपल्याकडचं वाटलं.

मोबाइलवरचा खुनाचा.
दुकानात, डब्याच्या वेळेला, तीन दिवस बघत होतो.
चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, फॅनबेल्ट पाहिजे म्हणून,
आणि राहिला तो राहिलाच.
माझा संशय भावजयीवर आहे.
शेवट कुणी सांगू नका.

आता चौथा.
हा आपल्याच मंडईत काढलेला, दोन वर्षांपूर्वी.
दुकानांच्या पाट्यांवर हिंदी पाट्या चिकटवल्या
आणि कपिलतीर्थाचं एका दिवसात
उत्तरेतलं कुठलंतरी शहर केलं.
गर्दीला माणसं पाहिजे होती.
हिंदुरावमामा गेला. पाचशे रुपये आणि जेवण.
काम एवढंच : कोबीची पाटी खांद्यावर घेऊन
डावीकडनं उजवीकडं जायचं.
अकरा वेळा गेला.
कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, असं बजावलेलं.
त्यानंतर वर्षभर तालमीच्या कट्ट्यावर
आम्हाला दुसरा विषय नव्हता.
तो म्हणायचा, 'तेरा वेळा.'

परवा शुक्रवारी लागला.
चौदा तिकिटं काढली.
शालनमामीनं ओटीत चिरमुऱ्याचा चिवडा लपवून आणलेला,
दारावरच्या पोरानं बघितलं, सोडलं.
पिक्चर काय होता कुणाला विचारू नका.
कुणी हसलं तर आम्ही दबकायचो,
कुणी गायला लागलं की वाटायचं, आवरा आता.

मध्यंतराच्या जरा आधी मंडई आली.
आधी पाटी दिसली. मग विटकी बंडी. मग मामा.
आणि बजावलेलं असून
त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं.
सरळ. आमच्या रांगेकडं.

तेवढ्यात मधी हिरो आला.
दोन गुंड कोबीवर पडले, सगळ्या थेटरात शिट्ट्या,
हिरो बाजूला झाला तेव्हा
मामा उजवीकडनं निघून गेलेला.

बाहेर आल्यावर मामीला विचारलं, कसा वाटला?
कपाळावरचा पदर सारखा करत म्हणाली,
'बरा हाय. मधी त्यो हिरो नको हुता.'
मग रंकाळ्यापर्यंत काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, 'पाटी उजव्या खांद्यावर का घेतली त्येनी?
उजवा दुखायचा की.'

गेल्या श्रावणात मामा गेला, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामी एकटीच गेली.
स्कूटरवरनं मीच सोडली, म्हटलं, सुटला की येतो न्यायला.
मध्यंतराला बाहेर येऊन उभी.
'फुडं काय न्हाई त्यात,' म्हणाली.

तर, विचारलंस म्हणून सांगतो :
पोलिसाचा नको.
प्रेमाचा बघ, रस्सा आला की डोळे मीट.
खुनाचा तुझा तू बघ.
आणि चौथा बघणार असशील तर
तिकीट काढताना डावीकडची खुर्ची माग.
तिथनं हिरोच्या मागचं
जरा जास्त दिसतं,
असं मामी म्हणते.