डाव्या कुशीवरून

डाव्या कुशीवरून घर असं दिसतं:
कूलरचा खालचा गंजलेला कोपरा,
टेबलाचे दोन पाय,
सासूबाईंच्या टाचा येताना, जाताना,
आणि फरशीतली एक भेग,
चार वर्षं मीच पुसत होते ही फरशी
तरी ती माहीत नव्हती.

पलंगाच्या पायथ्याला दोन-दोन विटा.
सुगतने शेजारच्या बांधकामावरून मागून आणल्या.
पाय वर, डोकं खाली,
बेझनबागेत मी अशी कलंडून आहे
चौदा आठवड्यांपासून.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी टाका घातला,
पिशवीचं तोंड बांधलं.
मला गव्हाचं पोतं आठवलं,
दाभण, सुतळी, दातांनी तोडलेली गाठ.
"आता तुम्ही फक्त पडून राहा," त्या म्हणाल्या.
फक्त.

साडेपाचला नळ येतो.
सुगत कूलरला पाइप लावतो
आणि टाकी भरेपर्यंत माझ्या दंडाला पट्टा.
मशीन गुरगुरतं, थांबतं.
वहीत लिहितो: एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
त्याच्याच खाली: सिलिंडरचा नंबर लावला.
दूधवाल्याचे एकशे वीस बाकी.
मग बुटीबोरीची बस.

या वहीची पहिली सतरा पानं फाडलेली आहेत.
ती मागच्या वेळची.
कोणी फाडली, हे आम्ही दोघंही
एकमेकांना विचारत नाही.

मला दिवस गेलेत, असं म्हणतात लोक.
कुठे जातात?
नवतपा लागलाय, बाहेर शेहेचाळीस,
खसाच्या ओल्या वासात दुपार
पंख्याला लटकून राहते.
समोरच्या मालतीताई दारातूनच विचारतात,
"काऊन वं, अजून झोपूनच?"
मी हसते. तेही डाव्या कुशीवरून.

सासूबाई मेयोत आया होत्या, तीस वर्षं.
तिथे काय काय पाहिलं, ते त्या सांगत नाहीत.
मीही विचारत नाही.
त्यांनी मला दहा चिंचोके दिले, दोन वाट्या.
"लाथ मारली का एक इकडून तिकडं टाकायचा.
घड्याळाकडं पाहू नको, माय."
मी घड्याळाकडे पाहते.

परवा सातव्यावर अडलं.
त्यात लाइट गेली.
कूलर थांबला तेव्हा कळलं
मी किती आवाजाच्या आडोशाला राहत होते.
दोन वाजले. अडीच.
गूळपाणी प्याले.
पोटावर टिचकी मारली, रागावले, माफी मागितली.
सासूबाई येऊन बसल्या,
कांद्याच्या वासाचा हात पोटावर ठेवला.
"झोपला असन. एवढ्या गरमीत कोण हलते?"
बोलल्या असं,
पण हात काढला नाही,
आणि दुसऱ्या हाताने
उशाखालची हॉस्पिटलची फाइल
हळूच बाहेर ओढून ठेवली,
मला दिसणार नाही अशी,
त्यांच्या पाठीमागे.

भेगेत मुंग्यांची एक रांग चालली होती.
मी त्याच मोजल्या.

मग डावीकडे, खोल, आळसावून,
कोणी कूस बदलावी तसा
आठवा.
नववा लगेच. दहावा.
मग अकरावा, ज्याला चिंचोका नव्हता.
सासूबाई उठल्या, पदराने मान पुसली,
"कणीक तशीच राहिली," म्हणाल्या
आणि मोरीत जाऊन
बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.
त्या वेळी नळाला पाणी नसतं.

रात्री सुगत आला, आधी वाटीकडे पाहिलं.
"आज?"
"दहा," मी म्हटलं.
सासूबाई घोळची भाजी निवडत होत्या.
मान वर केली नाही त्यांनी.

नऊ वाजता इंजेक्शन.
बेंबीपासून दोन बोटं सोडून
तो टॉर्चच्या उजेडात शोधतो
हिरव्या-निळ्या डागांमधली
एखादी कोरी जागा.
"इथे टोचू?"
"अजून थोडं बाजूला," मी म्हणते.
"तिथे आत्ता हलतंय."