दहाच्या टप्प्यानं

जिनिंगच्या फाटकापाशी जो वजनकाटा आहे
तो दहा किलोच्या टप्प्यानं बोलतो.
मधलं त्याला काही दिसत नाही.
एकवीस वर्षं त्याच्या खिडकीत बसून
भरली गाडी, रिकामी गाडी,
वजाबाकी, पावती, पुढचा या,
असं करत मी एकोणपन्नासचा झालो
आणि हिंगणघाटच्या डॉक्टरनं
साखरेच्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला.

माझ्या वयाचे लोक पांदणीनं चालायला जातात,
कानाला मफलर, कुत्र्यांसाठी काठी.
गेलो मीही आठ दिवस.
तिथं गेडामची आचल भेटायची,
पोलीस भरतीसाठी पळणारी,
वर्ध्याला दोन वर्षं बॉक्सिंग शिकून आलेली.
म्हणाली, "काकाजी, चालून राग नाही जात."
मला राग आहे
हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

सरकीच्या शेडमधे पोतं टांगलं.
आत चिंध्या, वर सरकी, तोंड सुतळीनं शिवलेलं.
पहिल्या दिवशी मी त्याला मारलं
आणि त्यानं मला.
रात्री शकुननं मनगटाला हळद लावली,
बोलली काही नाही,
पण हळद जरा जोरातच लावली.

डावा पाय पुढे. उजवी टाच उचललेली.
"बिडी विझवता नं, तसा पाय फिरवा."
मी बिडी पीत नाही गं.
"मंग मुंगळा समजा."
गाठींवर बसून इस्तारी आणि बाकीचे हमाल पाहायचे.
"मुनीमजी, पोत्याकडं उधारी हाय का?"
बैलाच्या कासऱ्यावर उड्या मारताना
तीन मिनिटं किती लांब असतात
ते कळलं. घड्याळ तर लग्नापासून हातात होतं.

पहाटे पाचला रोज उठवत नाही, खोटं कशाला सांगू.
पौषात गोधडीचं वजन माझ्याहून जास्त असतं.
स्वतःशी बरेच करार केले, सगळे मोडले.
एकच टिकला:
फक्त हाताला पट्ट्या बांधायच्या,
मग वाटलं तर परत झोपायचं.
अजून झोपलो नाही,
कारण पट्ट्या बांधलेल्या हातांनी
गोधडी नीट ओढता येत नाही.

सगळे यायच्या आत काट्यावर उभा राहतो.
ट्रकसाठी केलेल्या त्या लोखंडी मैदानात
मी म्हणजे कोणाची तरी पडलेली चप्पल.
९०.
संक्रांत झाली, ९०.
पँटीला आतून दोन बोटं शिवून घेतली, तरी ९०.

मार खाऊन सरकी खाली बसत जाते.
पोतं खाली दगड, वर रिकामं.
"पंधरा दिवसांनी उलटं टांगत जा," आचल म्हणाली,
आणि भरतीसाठी नागपूरला निघून गेली.

नंतर बावीस दिवस मी शेडमधे पाय ठेवला नाही.
लग्नं होती, असं सांगतो लोकांना.
लग्न एकच होतं.
परत गेलो तेव्हा उंदरांनी पोत्याला भोक पाडलेलं,
सरकीची बारीक धार जमिनीपर्यंत.
दाभण आणून शिवत बसलो.
शिवतानाच घाम आला,
तोच त्या दिवसाच्या हजेरीला धरला.
मोबाईलवर तिचा आवाज आला होता, चार शब्दांचा:
"काकाजी, हात वर हायेत?"
खाली होते.

चैतात सीझन संपत आला.
काट्यावर उभा राहिलो.
९०. मग ८०. मग ९०.
एकवीस वर्षांत त्याला असं चाचरताना पाहिलं नव्हतं.
मी हललो नाही,
श्वाससुद्धा चोरून घेतला,
जसे गाडीवाले माझ्या डोळ्यांदेखत
टायरला पाय लावून उभे राहतात.
८०. ९०. ८०.

फाटकावर हॉर्न वाजला.
शेवटच्या कापसाची गाडी होती.
उतरलो,
डावा पाय आधी.