घट

माझ्या प्रश्नावलीत चोवीस प्रश्न.
मार्गदर्शकांनी दोनदा परत पाठवलेले, तिसऱ्यांदा सही केलेले.
सतरावा असा:
एका वस्तूचे वजन प्रक्रियेनंतर पंचवीस टक्क्यांनी घटते.
बारा किलो उरल्यास मूळ वजन किती?

नववी ब, डिंपल भारंबे.
सतराव्यापुढची जागा कोरी.
फक्त कोपऱ्यात अंगठ्याचा एक काळा ठसा,
पुसायला गेले तर पसरला.
मी शेऱ्यात लिहिलं: संकल्पना अस्पष्ट.

संध्याकाळी आसोद्याच्या रस्त्यावर
पत्र्याच्या शेडमधून धूर येत होता.
चंपाषष्ठी होऊन आठवडा झालेला,
जळगावच्या गाड्या भरतासाठी रांगेत उभ्या.
तुरकाठ्यांच्या जाळावर हिरवी वांगी,
आणि देठाला धरून ती उलटणारी
तीच, दप्तर न काढलेली डिंपल.

बँकेतले एक साहेब आले. रविवारी मळ्यात पार्टी,
एकवीस किलो भरीत पाहिजे.
तिने वर पाहिलंसुद्धा नाही.
"अठ्ठावीस किलो वांगे लागतीन.
पन हे पयल्या तोडीचे हायेत, पानी जास्त.
तीस धरा."

मी वही काढली, आडवी-उभी मांडणी केली.
अठ्ठावीस बरोबर होते.
पाण्यासाठी माझ्याकडे सूत्र नव्हतं.

"मंग शायेत काहून नही लिहिलं?"
मी तिच्या बोलीत विचारायचा प्रयत्न केला, ती हसली.
"म्याडम, वस्तू कोन्ती ते तुमी लिहेलच नही.
वांगं येगयं घटते, मिरची येगयी.
लोखंड तं घटतच नही."

त्या रात्री मला वाटलं, प्रबंध सापडला.
शीर्षकही सुचलं, लांबलचक, विसर्गासकट.
भुसावळच्या शाळेत मी प्रश्न बदलून दिला,
वस्तूच्या जागी वांगं घातलं.
एकाने लिहिलं: मला वांगं आवडत नाही.
सर म्हणाले, एका मुलीवर सिद्धांत उभा राहत नाही,
नमुना वाढवा.

नमुना वाढवायला पुन्हा शेडवर गेले.
डिंपलच्या आईने, वैजयंताबाईंनी,
दोनशे पानी हिशोबाची वही पुढे केली.
वांगी, तुरकाठ्या, तेल, शेंगदाणे, पात,
शेडचं भाडं, बडजीत कुटणाऱ्या काशीरामची मजुरी.
एक रुपया इकडचा तिकडे नाही.
मी पानं मागे-पुढे केली.
"डिंपलचे तास कुठे लिहिलेत?"
"ते घरचंच," त्या म्हणाल्या,
आणि लसूण सोलत राहिल्या.

शाळेचं हजेरीपत्रक माझ्या पिशवीत होतं.
डिसेंबर: कामाचे दिवस चोवीस, उपस्थिती अकरा.
ते मी बाहेर काढलं नाही.
कोणासमोर काढायचं, हेही कळलं नाही.
ती इथे शिकते, हे माझं गृहीतक.
ती तिथे नसते, ही माझी आकडेवारी.
दोन्ही एकाच तक्त्यात बसेनात.

डिंपलने बोटं पाण्यात बुडवली, ओढणीला पुसली.
"तुमचं हे किती वर्सांचं हाये?"
चार, मी म्हटलं.
"मुलं किती?"
तीनशे बारा. त्यातली काही गळली, काहींचे कागद अर्धवट.
"आन आखरीले काय निंघीन?"
एक पुस्तक. दोनशे पानांचं.
"वाचीन कोन?"
तिघं, मी म्हणाले. दोघं सक्तीने.

तिने ओठ हलवून काहीतरी मोजलं.
"बापरे," ती म्हणाली,
"इतली घट आमाले नही परवडत."

मी अर्धा किलो बांधून घेतलं.
वाटलं, पैसे घेणार नाहीत.
"दीडशे," वैजयंताबाई म्हणाल्या,
आणि पुड्यावर एक कच्चा कांदा फुकट ठेवला.

बसमध्ये तो पुडा मांडीवर गरम होता.
खाली तीनशे बारा कागद.
जळगाव येईतो तेल वरच्या दोन-तीन कागदांत उतरलं.
मी ते बाजूला केले नाहीत.
सतराव्या प्रश्नापुढचा माझा शेरा
मात्र खोडला,
आणि त्या जागी काय लिहावं
ते अजून