परत आल्याची तारीख

अर्जात एक रकाना होता, ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?
मी लिहिलं होतं, समाजासाठी काहीतरी करायचं आहे.
आर्मिंदाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"काहीतरी नाका गो. ते कपाट आधी झाड."

म्हापशात, मासळी बाजाराच्या मागे,
बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत आमची संस्था.
पावसाळी दिवसांत भिंतींना अजून शाईचा वास सुटतो.
भिंतीला टेकून अठरा कुबड्या,
सात चाकाच्या खुर्च्या, त्यातली एक स्वतःच लंगडी,
हवेच्या गाद्या, वॉकर,
आणि कमोडच्या पांढऱ्या खुर्च्या,
ज्यांच्याकडे मी पहिला आठवडाभर पाहिलंच नाही.
लोक नेतात, वापरतात, परत आणतात.
अनामत पाचशे. नसतील तर नसतील.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी
कुणीतरी माझा हात धरून रडेल.
मी चाकं धुतली, जुन्या टूथब्रशनं.
आऱ्यांत अडकलेली माती बघून
खुर्ची कुठल्या गावाहून आली ते सांगू लागले.
सत्तरीची ओली, बारदेशची फिकी,
आणि आमची डिचोलीची, खाणीची,
जी बाबांच्या ट्रकखालून येऊन
आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसायची.

घरी आई शेजारणीला सांगते, "ऑफिसात लागली."
कसलं ऑफिस, हे विचारायच्या आत
तिच्या कपात आणखी चहा ओतते.
मामा म्हणतो, पंचायत खात्यात जागा निघतील,
कुणाला भेटायचं ते त्याला ठाऊक आहे.
पगार किती विचारलं की मी म्हणते, वेळेवर होतो.
तेही खोटंच.
जूनचा जुलैच्या अठराला झाला.
तोवर बाईंनी बसभाड्याचे पैसे
माझ्या डब्याखाली ठेवले होते. त्याविषयी आम्ही बोललो नाही.

मुख्य काम म्हणजे वही.
नाव, गाव, वस्तू, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख.
शेवटचा रकाना, कारण.
तिथे बाईंच्या अक्षरात पानापानावर
एक तर "चालू लागले"
नाही तर नुसती आडवी रेघ.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी,
बाजाराच्या गर्दीतून वॉकर डोक्यावर धरून
विर्नोड्याचे एक आजोबा आले.
वॉकर घासूनपुसून लख्ख.
चारी पायांना नवे रबरी बूट, स्वतःच्या पैशांनी घातलेले.
"जुने झिजलेले. फुडच्याचो पाय निसरूक नये."
बाई बँकेत गेल्या होत्या.
मी वही उघडली, पेन सरसावलं, आणि हसत विचारलं,
"चालायला लागल्या ना आजी?"

ते थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले.
"व्हय," म्हणाले, "गेली."

मी लिहिलं, चालू लागल्या.
त्यांनी अनामतीचे पाचशे दोनदा मोजून घेतले,
पिशवीच्या तळाशी सुक्या मिरच्यांखाली ठेवले
आणि पेडण्याची बस कधी सुटते ते मला विचारलं.

संध्याकाळी बाईंनी वही वाचली.
मग टेबलावरचा मंगळवारचा पेपर उघडून
मागच्या पानावरचा एक लहानसा फोटो
बोटानं दाखवला.
मी खाडाखोड करायला पेन उचललं.
"रावू दी," त्या म्हणाल्या.
"पहिल्या महिन्यात सगळींच तशी लिहितात.
माझंपण आहे एक, पहिल्या वहीत."

सकाळी साडेनऊला कोलवाळहून कुणाचा तरी मुलगा येणार होता,
वडील आंघोळीच्या खोलीत पडलेत.
"उंची विचारून घे," बाईंनी दारातून सांगितलं.
"पाच फूट नऊ," तो म्हणाला.

वॉकरची खिटी अजून तिसऱ्या भोकात होती.
ठेंगणी असणार ती.
मी अंगठ्यानं खिटी दाबली
आणि एकेक पाय
चार भोकं वर ओढला.