जी-४१, जी-४२

एक सात हजार दोनशेचं. दोन घेतली होती,
अठ्ठावीस हजारावा नंबर असताना,
एका हाताने कणीक मळत, दुसरा कोरडा ठेवून.

विकायला काढली, तर
कुणी विचारतो, "फायनल किती?"
कुणी रात्री एकला नुसतेच जोडलेले हात.
एका भामट्याने मलाच ओटीपी मागितला,
अगदी "कृपया" लावून.

शेवटी चेंबूरच्या मृदुला कोटियन.
"मला एकच हवंय."
चार हजार. त्यात साइटचं कमिशन,
कमिशनवर जीएसटी,
उरले त्यात विजेचं बिल गेलं.
भाऊ म्हणाला, गेटवर उभी राहिली असतीस
तर दुप्पट सुटले असते.
त्याला काय, उभं राहणं माझं.

दुसरं गेलंच नाही.
कुणासाठी घेतलं होतं, ते भावाने विचारलं नाही,
मीही विषय काढला नाही.

शनिवारी रात्री वरळीच्या डोममधून
कोटियनबाईंनी न मागता व्हिडिओ पाठवला,
सतरा सेकंदांचा:
स्टेज नुसतंच पांढरं, आवाज फाटलेला,
आणि कडेला जी-बेचाळीस,
तिच्यावर त्यांची पर्स, पर्सवर शालीची घडी.

तीनदा पाहिला.
गाणं कुठलं, ते ओळखू आलं नाही.