एक हजार तीन

पेनड्राइव्ह लागला, पण आतलं फोल्डर म्हणालं,
परवानगी नाही.
बाहेर भट्टी पेटलेली, वाळूचे साचे मांडून झालेले,
आणि चौगुले शेठ दारात :
"शिकलगार मॅडम, पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग
निघालं का न्हाई? पाचला गाडी येतीया."

मी यादी काढली.
आधी तीन अक्षरं : वाचा, लिहा, आत या,
तीही फक्त मालकाला.
पुढे सहा आडव्या रेघा. बाकी कुणाला काही नाही.
आणि मालकाच्या जागी नाव नाही,
नुसता आकडा : १००३.

या मशीनवर १००३ कुणीच नाही.
१००० मी, १००१ शेठचा भाचा,
१००२ हिशेब बघणाऱ्या निंबाळकर बाई.
जुन्या मशीनवर, जे दिवाळीत भंगारात गेलं,
१००३ म्हणजे दादू मगदूम.

लिनक्स इथं त्यांनीच आणलं.
"लोखंड चोरीचं घेत न्हाई आपण,
मग सॉफ्टवेअर कशाला?"
हा ड्राइव्हही त्यांनीच त्यांच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला,
म्हणून तर याला मालक आठवतो.
बाजारातले साधे ड्राइव्ह कुणालाही हो म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी सव्वीस कास्टिंग वाया गेली.
ड्रॉइंग चुकलं की ओतकाम,
यावरून मगदूम उठले ते वाय. पी. पोवार नगरात,
दुसऱ्या फाउंड्रीत. उद्यमनगरातून चालत सात मिनिटं.
शेठ त्या रस्त्यानं जात नाहीत.

भाचा म्हणाला, सात-सात-सात टाका, विषय संपला.
म्हणजे सगळ्यांना सगळं.
अरे अमोघ, कडी गंजली म्हणून
दारच काढून ठेवतोस का?

दुसरा उपाय एका ओळीचा. मालक बदल.
सुडो, पासवर्ड, १००३ पुसून १०००,
आतल्या सगळ्या फायलींसकट.
ओळ लिहून झाली. बोट एंटरवर.
याच खुर्चीमागे उभं राहून ते ओरडायचे :
लोखंड गार होताना आकसतं, पोरी,
तेवढी जागा आधीच सोड!

ओळ पुसली.
सुडोनंच एक प्रत काढली आणि फक्त प्रत माझ्या नावावर केली.
मूळ फोल्डर जसं होतं तसं.
ड्रॉइंग उघडलं. कोपऱ्यात तारीख, दा. म.,
आणि खाली : आकुंचन शेकडा एक. वाढवू नये.
प्रिंट साच्यांकडे गेली.

मग कुणी सांगितलेलं नसताना
मी या मशीनवर एक नवा वापरकर्ता केला.
त्याला पासवर्ड दिला नाही, घर दिलं नाही,
नंबर तेवढा मोजून दिला.
पुन्हा यादी काढली
तर आकड्याच्या जागी इंग्रजीत मगदूम.
फाइल एकही बदलली नव्हती.

शेठ कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही.
हाताला काळी वाळू, चष्मा कपाळावर.
आता बोलणार, काढ म्हणणार.
बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"यू न्हवं," म्हणाले.
"डबल ओ लिवायचा त्यो."

मी दुरुस्त केलं.
पाचची गाडी साडेपाचला आली.